बायडाबाईला दिसलं तेवढंच

बायडाबाईला कुणी वाट विचारली, तर ती जेवढी स्वतः चालून गेली असेल तेवढीच सांगायची. “वडापातूर मी गेलीया. म्होरं कुठं वळतिया ते तितं कुनाला तरी इचारा.” विचारणाऱ्याला वाटे, बाई सांगायला कंटाळली. पण तसं नव्हतं. शेजारच्या शेळीला किती करडं झाली असं विचारलं, तर ती म्हणे, “मी दोन बघितली. आत आनखी आसतील.” पाऊस विचारला तर आपल्या अंगणातला सांगे, शिवारातला सांगत नसे. तिचा नवरा धोंडीबा थट्टेखोर माणूस. तो म्हणायचा, “हिला साक्षीला नेली तर जिंकलेला दावा हरून यायचा.”

ती बुटकी, सावळी, हाडापेरानं मजबूत बाई होती. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, पण हसली की डोळे पूर्ण मिटायचे. एकुलती मुलगी कराडकडे दिली होती. घरात दोघंच. साठ साली गाव उठलं तेव्हा तिनं पन्नाशी गाठली असावी. तिचा स्वतःचा हिशेब विचारला तर ती म्हणे, “मोठा पूर आला तवा मी रांगत हुते, आसं आई सांगायची. मला काय आठवत न्हाई.”

तिचं गाव आंबेखोल. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या घडीत बसलेलं. खाली भात, वर नाचणी, मधून ओढा. धरणाचं पाणी चढणार म्हणून गाव उठवायचं ठरलं, आणि उठवताना त्याचे दोन भाग झाले. निम्म्या घरांना सांगली जिल्ह्यात विट्याच्या पलीकडल्या माळावर जमिनी मिळाल्या, निम्म्यांना माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला. कोण कुठं जाणार हे कागदावर ठरून आलं. सख्खे भाऊ दोन जिल्ह्यांत गेले.

गावची देवी जुगाई. तिला हलवण्याआधी नाथाजी गुरवानं तिला रीतसर विचारलं. विचारायची पद्धत जुनी होती. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक कळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणत. नाथाजीनं पहिल्यांदा विचारलं, आई, तू येणार का? उजवी पडली. सांगलीला येणार का? उजवी. माणातली माणसं खाली मान घालून उभी राहिली. त्यांना देवीच्या जागी पुजायला नुसता नारळ मिळाला. मग ट्रकमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी बसणार का मागं मंडळींत, हेही विचारलं. देवी पुढं बसली. म्हणजे त्या दिवशी जुगाईला विचारायचं काही शिल्लक ठेवलं नाही.

आणखी एक होती, तिला मात्र कुणी काही विचारलं नाही. गावाच्या वरच्या अंगाला, ओढा खडकावरून उतरून जिथं जरा दम घेई तिथं, जांभळीच्या मुळाशी हातभर उंचीचा काळा दगड होता. त्याला नाव नव्हतं. बायका ‘ओढ्यावरची’ म्हणायच्या. बाळंतीण सव्वा महिन्यानं उठली की पाणी पुजायला तिथं जायची, हळदकुंकू वाहायची, भाताची पहिली मूठ ठेवायची. पुरुष तिकडे फिरकत नसत. वाटेत लागलीच तर तोंड फिरवून जात. गुरवाचा तिच्याशी संबंध नव्हता, आणि गाव उठलं त्या दिवशी बायका भांडी बांधत होत्या. दोन पावसाळ्यांत पाणी चढलं आणि जांभूळ बुडाली.

नव्या जागेला लोक नवं आंबेखोलच म्हणू लागले. माळ, बाभळी, मुरूम आणि सरकारनं खणून दिलेली एक विहीर. भात खाणारी माणसं ज्वारी पेरायला शिकली. बायकांच्या भाकरी काठाला चिरायच्या, आणि शेजारच्या जुन्या गावच्या बायका ते बघून पदराआड हसायच्या. जुगाईला पत्र्याचं देऊळ झालं. बाळंतिणी पाणी पुजायला विहिरीवर जायला लागल्या. पाणी होतं, पण हळदकुंकू कुणाला वाहायचं हे कळत नव्हतं. विहिरीच्या काठाला बोट टेकवून त्या परत यायच्या.

बासष्ट सालच्या चैत्रात, भर दुपारी, बायडाबाईचा कडब्याच्या गंजीच्या सावलीत डोळा लागला. तेवढ्यात तिला दिसलं ते असं. आंबेखोलचा ओढा. काठावर एक बाई पाठमोरी बसलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून पाय पाण्यात सोडलेली. केस ओले. ती वळली नाही. म्हणाली, “माझं पाय भिजल्यात. मला वर घे.” एवढंच. बायडाबाई उठली तेव्हा तिचे स्वतःचे पाय कोरडे होते, हे तिनं हात लावून बघितलं.

संध्याकाळी तिनं धोंडीबाला सांगितलं.

“दुपारचं सपान पित्ताचं आसतं,” धोंडीबा म्हणाला. “पहाटंचं खरं हुतं. आमसुलाचं पानी पी.”

ती आमसुलाचं पाणी प्यायली. पंधरा दिवस थांबली. पित्त गेलं, पण दिसलेलं गेलं नाही. पुसटही झालं नाही. मग एका सकाळी ती विहिरीवर गेली. विहीर खणताना निघालेल्या दगडांचा ढीग तिथं पडून होता. त्यातला हातभर उंचीचा एक काळा दगड तिनं उचलला, धुतला आणि काठापासून चार पावलांवरच्या बाभळीखाली उभा केला. हळदकुंकू लावलं. घरून आणलेली तांदळाची मूठ ठेवली. हा तांदूळ विकतचा होता, याचं तिला जरा वाईट वाटलं.

शेजारची बनुबाई घागर घेऊन आली होती. बनुबाईची जीभ गावात प्रसिद्ध होती.

“ह्ये काय मांडलंयस ग बायडाक्का?”

“ओढ्यावरची हाय.”

“ती तर बुडाली.”

“व्हय. वर घे म्हनली.”

बनुबाईनं घागर खाली ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. दिवस मावळायच्या आत गावानंही ऐकलं.

विहीर गावाची होती, तिच्या भोवतीची जागा गावाची होती. तिथं परस्पर देव बसवला म्हटल्यावर सयाजी हवालदार उठला. सयाजी मराठा पलटणीतून निवृत्त होऊन आलेला, ताठ, स्वच्छ, दाढी रोज करणारा माणूस. माळावरची ही वस्ती त्यानंच उभी केली होती. घरांच्या ओळी दोरी लावून आखल्या होत्या. तो वाईट नव्हता. त्याला गडबड सोसत नव्हती, इतकंच.

“बायडावैनी, तुमास्नी दिसली, मी न्हाई म्हनत न्हाई,” तो म्हणाला. “पन आज तुमास्नी दिसली, उद्या नानासोला दिसंल, परवा आनखी कुनाला. हिरीवर देवांची लाइन लागंल आन पानी भराय मानसाला जागा ऱ्हायाची न्हाई. त्यापरीस शेतात बसवा. तुमचं शेत, तुमचा देव.”

“शेतात पानी न्हाई,” बायडाबाई म्हणाली. “ती पान्याकडची हाय.”

“तिनं हिरीवरच बसव म्हनून सांगितलं का?”

“न्हाई. वर घे म्हनली. हिरीवर म्या बसवली.”

धोंडीबानं कपाळाला हात लावला. एवढं खरं सांगायची गरज नव्हती.

प्रकरण नाथाजी गुरवाकडे गेलं. नाथाजी साठीचा, बारीक, कानावर केस असलेला म्हातारा. चाळीस वर्षं त्यानं जुगाईची पूजा केली होती, आणि त्या चाळीस वर्षांत निदान तीस माणसं त्याच्याकडे स्वप्नं घेऊन आली होती. कुणाला देवी पायरी मागे, कुणाला चांदीचा टोप. नाथाजी ऐकून घेई, महिनाभर थांबे आणि पुन्हा विचारी. महिन्यात टोप सोन्याचा झालेला असे. मग तो हळूच म्हणे, तुझं सपान तुझ्यापाशी ठेव. गावाच्या गळ्यात घालू नको.

त्यानं बायडाबाईचं ऐकलं आणि जुगाईला कौल लावला. पत्र्याखाली गाव जमलं. आई, विहिरीवरचा दगड ठेवायचा का? डावी कळी पडली. थोड्या वेळानं पुन्हा लावला. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा दोन्ही कळ्या चिकटून बसल्या त्या हलल्याच नाहीत.

“झालं,” सयाजी म्हणाला. “दोनदा न्हाई म्हनली. म्होरल्या चैत्रात जत्रा हाय. तवर दगड काढा.”

“जुगाईचा कौल खरा,” बायडाबाई म्हणाली. “पन मला दिसलं त्ये बी खरं हाय.”

“दोन्ही कसं खरं आसंल?”

“त्ये मला ठावं न्हाई.”

दगड काढायला मात्र ती गेली नाही, आणि जत्रेला वर्ष असल्यामुळे सयाजीनंही घाई केली नाही. बायका पाणी भरताना बाभळीकडे बघत आणि बघितलं नाही असं दाखवत. एकदा सकाळी दगडापुढं दुसऱ्याच कुणाचं तरी कुंकू होतं. बायडाबाईनं ते कुणाचं हे विचारलं नाही.

बनुबाईला गप्प बसणं जमत नव्हतं. एके दिवशी देवळाच्या पायरीवर नाथाजी वाती वळत बसला होता, तिथं ती टेकली.

“गुरवबाबा, एक इचारू? माझी धाकली जाऊ घरात येऊ दे का नगं, ह्ये थोरल्या जावंला इचारलं तर ती काय सांगंल?”

“काय सांगंल?”

“न्हाई म्हनंल. दोनदा म्हनंल. तिसऱ्यांदा तोंड फिरवून बसंल.”

ती हसत निघून गेली. नाथाजीच्या हातातली वात मात्र तशीच राहिली. ज्या देवीबद्दल विचारायचं होतं तिला विचारलंच नव्हतं. चाळीस वर्षांत अशी चूक त्याच्या हातून झाली नव्हती. बरं, आता त्या दगडालाच कौल लावावा, तर आधी त्याला देव मानावं लागणार. आणि देव मानल्यावर कौल कशाला लावायचा? हा गुंता त्यानं कुणाला बोलून दाखवला नाही. पण त्यानंतर तो दोन-तीनदा बायडाबाईच्या घरावरून मुद्दाम गेला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “बायडाबाय, ती काय म्हनली म्हनलीस?”

“माझं पाय भिजल्यात. मला वर घे.”

“तोंड कसं हुतं?”

“दिसलं न्हाई. पाठ दिसली.”

दर वेळी तेवढंच. आषाढात तेवढंच, दिवाळीत तेवढंच.

त्रेसष्टच्या फाल्गुनात, जत्रेला महिना असताना, बनुबाईच्या नातवाचं बारसं आलं. माणातून तिची मोठी जाऊ पारूबाई एसटीनं आली. पारूबाई गोरी, गोल, बोलायला मोकळी. ओसरीवर घुगऱ्यांचे हरभरे निवडता निवडता ती सहज म्हणाली, “बने, संक्रांतीच्या आदी मला आपल्या ओढ्यावरची दिसली बघ. सपनात. पाय पान्यात सोडून बसल्याली. म्हनली, माझं पाय भिजल्यात.”

बनुबाईच्या हातातलं सूप कलंडलं. हरभरे ओसरीभर झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पत्र्याखाली बसलं. नाथाजीनं एखाद्या शाळातपासनिसासारखी काळजी घेतली. बायडाबाईला बाहेर बसवलं. आधी बनुबाईला समोर घेतलं.

“तू जावंला आदी काय सांगितलं हुतंस का? खरं सांग.”

“माझं तोंड फाटकं हाय, ह्ये गावाला ठावं हाय,” बनुबाई म्हणाली. “पन माणाला जायाला माझ्या तोंडाला एसटीचं तिकीट कोन देतंय? वरीस झालं, आमची गाठ न्हाई. लिवता मला येत न्हाई. ती काल आली आन आपनहून बोलली.”

लोक हसले, पण ते पटण्यासारखं होतं. सयाजीलाही पटलं. तो उठून म्हणाला, “मी आडमुठा न्हाई. दोन जिल्ह्यांतल्या दोन बायांचं सपान जुळत आसंल, तर त्यो फाल्तू रिपोट न्हवं. जुळलं तर हिरीवर चौथरा बांधू. सिमिट मी आनतो. जत्रंत तिचा निवदबी काढू. न्हाई जुळलं तर आज दगड हालला पायजे. मंजूर?”

सगळ्यांनी मंजूर म्हटलं. धोंडीबानंही म्हटलं.

पारूबाईनं सांगितलं. ओढा होता. काठावर बाई होती, पाय पाण्यात. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. कडेवर लेकरू, वर्षाचं असेल. हसत होती. म्हणाली, माझं पाय भिजल्यात, मला वर घे.

शेवटचे शब्द ऐकून बायकांच्या बाजूनं कुजबूज उठली. सगळ्यांना बायडाबाईचे शब्द पाठ होते, आणि हे तेच होते.

बायडाबाईला आत बोलावलं. ती आली आणि खांबाशी उभी राहिली. नाथाजीनं विचारलं, “ओढा हुता?”

“हुता.”

“पाय पान्यात?”

“व्हय.”

“हातात चुडा हुता का?”

“हात म्होरं हुतं. मला दिसलं न्हाईत.”

इथपर्यंत ठीक होतं. दिसलं नाही म्हणजे नव्हता असं नाही. सयाजीनंही मान हलवली. नाथाजीनं जरा थांबून विचारलं, “कडंवर लेकरू हुतं?”

बायडाबाई विचार करत उभी राहिली. गाव बघत होतं. बनुबाईनं मागून तिच्या दंडाला हात लावला. “नीट आठव ग, आक्का. घाई करू नगंस.” बायडाबाईला बाहेर काहीच ऐकू आलं नव्हतं, पण ती खुळी नव्हती. पारूबाईच्या कडेवर लेकरू बसलं आहे हे तिला प्रश्नावरूनच कळलं होतं. हो म्हटलं तर दगड राहणार होता, हे बनुबाईच्या हातावरून कळलं होतं. दिसलं नाही असं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“न्हाई,” ती म्हणाली. “लेकरू न्हवतं.”

“पाठमोरी हुती न्हवं? म्हंजी दिसलं नसंल,” नाथाजी म्हणाला. त्याच्या आवाजात जरा विनंतीच होती.

“कडंवर लेकरू आसलं म्हंजी कंबर एका अंगाला जाती, बाबा. आन लेकराचा एक पाय पाठीकडं आसतोय. ती सरळ बसली हुती. लेकरू न्हवतं.”

मग पारूबाईचा चेहरा लाल झाला. “म्हंजी मी खोटं बोलती व्हय ग?”

“तसं कुठं म्हनलं मी? तुला दिसली तशी तुला दिसली.”

“म्हंजी जुळत न्हाई,” सयाजी म्हणाला. तो जिंकला होता, पण खाली बसताना त्याला जिंकल्यासारखं वाटत नसावं. बायकांतून कुणीतरी पुटपुटलं, “एक लेकरू म्हनायला काय जात हुतं हिचं.” धोंडीबा जमिनीकडे बघून म्हणाला, “मी सांगत हुतो. साक्षीला नेऊ नका.”

मग नाथाजीनं सांगायला सुरुवात केली. त्याला भाषण येत नव्हतं, तो तुटक बोलला. चाळीस वर्षांत आपण पुष्कळ सपनं ऐकली. एकूण एक वाढत गेली. हिचं वर्षात बोटभर वाढलं नाही. आज वाढवलं असतं तर चौथरा मिळत होता, तरी वाढलं नाही. आणि दुसरं म्हणजे, कौल लावताना आपली चूक झाली. तो थोरलीला लावला. तो धरू नका.

“मग काय धरायचं?” सयाजीनं विचारलं.

“काय बी धरू नका. ती गावाच्या देवांत न्हाई. गावाचा निवद तिला जायाचा न्हाई. जत्रंत मान न्हाई. मी पूजा करनार न्हाई, आन माझ्या मागं माझा पोरगाबी करनार न्हाई. जे कौलानं आलं न्हाई ते गावाचं न्हाई. पन दगड हालवायचा न्हाई. ज्या बाईला तितं हळदकुकू वाहायचं आसंल तिला कुनी आडवायचं न्हाई. जिला वाहायचं न्हाई तिला कुनी वाहा म्हनायचं न्हाई.”

“आत्ताच मंजूर म्हनला समदी. न्हाई जुळलं तर दगड हालवायचा.”

“म्हनलो. माझाबी त्यात आवाज हुता,” नाथाजी म्हणाला. “आता न्हाई म्हनतोय. हवालदार, तुला हालवायचा आसंल तर तू हालीव.”

सयाजी उठला. उभा राहिला. बायडाबाई खांबाशी तशीच होती, तिनं हात जोडले नव्हते की डोळ्याला पदर लावला नव्हता. सयाजी टोपी झटकून घराकडे गेला. विहीर घराच्या वाटेवरच होती. बायका माना लांब करून बघत राहिल्या. तो विहिरीजवळून सरळ पुढं निघून गेला.

पारूबाई रुसूनच माणाला परतली, पण तिकडे तिचं नशीब वेगळं निघालं. माणातल्या वस्तीला देवच नव्हता. तीन वर्षं ती माणसं नुसता नारळ पुजत होती. पारूबाईचं सगळं त्यांना एका बैठकीत पटलं, लेकरासकट, चुड्यासकट. त्यांनी दगड बसवला, त्याला चांदीचे डोळे लावले, कडेला लहान दगड ठेवला आणि लेकुरवाळी असं नाव दिलं. दोन वर्षांत तिची जत्रा भरायला लागली, दहिवडीपासून माणसं येऊ लागली. पारूबाईच्या अंगात येऊ लागलं आणि ती हरवलेली मेंढरं सांगू लागली. सांगलीकडच्या बायका आपसांत म्हणायच्या, बघा, नशिबात असावं लागतं. बायडाबाईला कुणी टोचून विचारलं, तर ती म्हणे, “चांगलं झालं की. त्यास्नी कोन न्हवतं.”

तिच्याकडेही माणसं यायला लागली होती. ती स्वप्न पडलेली बाई होती, आणि अशा बाईला आणखी पडतील हा हिशेब कुणीही करील. जोतीराम न्हाव्याचा बैल हरवला, तो आला. एकीला मूल होईना, ती आली. बायडाबाई त्यांना पाणी देई, ऐकून घेई आणि सांगे, “मला तेवढंच सांगितलं हुतं. म्होरं काय सांगितलं न्हाई.” काहींना वाटे, ही लपवते आहे. काहींना वाटे, हिचं तेज गेलं. हळूहळू येणं थांबलं. बाळंतिणी तेवढ्या येत राहिल्या, पण त्या तिच्याकडे नव्हे, बाभळीखाली येत.

सदुसष्टच्या डिसेंबरात पहाटे भूकंप झाला. माळावर भांडी पडली, दोन भिंती चिरल्या, माणूस दगावलं नाही. पण बातमी कोयनेकडची होती, आणि आंबेखोलची माणसं आठवडाभर अंगणात निजली. त्या दिवसांत सगळी वस्ती बायडाबाईच्या दारात आली. सयाजीही आला, मागं उभा राहिला. देवी कोपली का, पाण्यातली रागावली का, तिचं करण्यात आपलं काही चुकलं का? नाथाजी त्या साली वारला होता आणि त्याचा पोरगा अजून कौल लावायला धजत नव्हता, त्यामुळे विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

“मला काय दिसलं न्हाई,” बायडाबाई म्हणाली.

“आगं, काय तरी बोल,” बनुबाई रडवेली होऊन म्हणाली. “शांत हाय म्हन. नुसतं म्हन.”

बायडाबाईनं तिला जवळ बसवून घेतलं आणि तिचा हात हातात धरला. पण तसं म्हटलं मात्र नाही. लोक थोडा वेळ बसले, चहा झाला, मग एकेक करून गेले. आश्चर्य असं की, जाताना ते आले तेव्हापेक्षा स्वस्थ दिसत होते. कदाचित त्यांनी मनातल्या मनात असा अर्थ लावला असेल की, रागावली असती तर हिला नक्की सांगितलं असतं. बायडाबाईनं तो अर्थ लावून दिला नव्हता. तिला त्यानंतर आयुष्यात पुन्हा कधी काही दिसलं नाही, आणि दिसावं म्हणून तिनं उपासही धरले नाहीत.

एकोणसत्तर साली मोजणीवाले आले. वस्तीचा नकाशा पक्का करायचा होता आणि सडकेपासून विहिरीपर्यंत बैलगाडीची वाट आखायची होती. सयाजी त्यांच्याबरोबर फिरत होता, कारण दोरी धरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. सरळ रेघ काढली तर वाट नेमकी बाभळीखालून जात होती. साखळी धरणाऱ्या तरुण मोजणीदारानं दगडाकडे बघितलं. त्याच्यावर कुंकवाचे थर चढले होते. खाली एक मूठ ओला तांदूळ होता.

“हे देऊळ आहे का? नकाशात दाखवू?”

“देऊळ न्हाई,” सयाजी म्हणाला.

“मग गावचा देव?”

“गावचाबी न्हाई.”

“नाव काय?”

बायडाबाई घागर भरत होती. सयाजीनं तिला हाक मारली. “बायडावैनी, हितं ह्ये साहेब नाव इचारत्यात. काय लिवायचं?”

“नाव तिनं सांगितलं न्हाई, हवालदार.”

मोजणीदार हसला. “बाई, नाव नसेल तर खूण करता येत नाही. आणि खूण नसेल तर वाट सरळच जाणार.”

बायडाबाईनं घागर काठावर टेकली. या वेळीही एखादं नाव तोंडाला येण्यासारखं होतं, निदान पारूबाईनं दिलेलं तरी. ती काही बोलली नाही. सयाजी दोरीचं टोक हातात धरून उभा होता. त्या माळावरची एकूण एक ओळ त्यानं सरळ आखलेली होती, आणि ती बघायला शेजारच्या गावची माणसं येत असत.

“खूण करू नका,” तो म्हणाला. “पन वाट चार हात डावीकडनं घ्या.”

“वाकडी दिसेल.”

“दिसू द्या. ह्ये आमच्या बायकांचं हाय.”

त्यानं स्वतःच खुंटी उपटली, चार हात डावीकडे नेली आणि दगडानं ठोकून घट्ट केली. बायडाबाईनं घागर डोक्यावर घेतली आणि नव्या खुंटीच्या पलीकडून घराकडे गेली.